नारायणगडची एक रात्र

नारायणगडाला निघालो आहे असे मी घरात जाहीर केले तेव्हा धाकट्या मुलीने पहिलाच प्रश्न टाकला, "बाबा, तिथं तोफा आहेत का?"

शहरात वाढलेल्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. गड म्हटला की बुरूज, चोरदरवाजा आणि दोन-चार गंजक्या तोफा एवढेच त्यांच्या डोळ्यांपुढे येते. बीड जिल्ह्यात मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तिथे गड म्हणजे संतांचे ठाणे. बालाघाटाच्या उघड्या-बोडक्या डोंगरांत असे तीन गड लोकांच्या तोंडी असतात: नारायणगड, भगवानगड आणि गहिनीनाथगड. यांच्या तटावरून कधी तोफ डागली गेली नाही. डागले गेले ते अभंग. नारायणगडाला तर 'धाकटी पंढरी' म्हणतात. नगद नारायण महाराजांचे हे स्थान. आपल्या व्यवहारात 'नगदनारायण' म्हणजे रोख पैसा, त्यामुळे हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसू येते. पण ज्या मुलखात नगद अशी कधी फारशी दिसलीच नाही, त्या मुलखाने हे नाव मात्र मोठ्या श्रद्धेने जपले आहे.

माझ्या जाण्याला देवदर्शन हे निमित्त होते. खरे कारण वेगळे होते, आणि ते सांगायला जरा संकोच वाटतो. मी हरवलेली वस्तू शोधायला निघालो होतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी, पायांत जोर होता तेव्हा, मी या गडाच्या पायथ्याच्या वस्त्यांवर हिंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. मराठीच्या प्राध्यापकाला असले वेड असतेच. साठएक मुद्रणे होती. त्यांत सर्वांत चांगली होती दोन जावांची. जाते कधीच बंद पडले होते, पीठ गिरणीतून येत होते. पण मी विनंती केल्यावर त्या दोघी जात्याशी समोरासमोर बसल्या आणि रिकाम्या जात्याचा खुंटा धरून गाऊ लागल्या. एकीने ओढ द्यावी, दुसरीने ती झेलावी. ओवी अशीच असते. दोन हातांची आणि दोन गळ्यांची.

ही सारी मुद्रणे मी एका संस्थेच्या सर्व्हरवर ठेवायला दिली होती. तिचे नाव सांगत नाही. नाव सांगून ओव्या परत येणार नाहीत. सर्व्हर हा शब्द आता घराघरात झाला आहे, तरी ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: तो एक संगणकच, पण त्याला ना पडदा ना बसायला टेबल, कपाटाच्या खणांत एकावर एक रचलेला, अष्टौप्रहर जागा. असली कपाटे जिथे शेकड्यांनी उभी असतात त्याला डेटा सेंटर म्हणतात. परिभाषा घडवणाऱ्यांनी डेटाला 'विदा' हा मराठी शब्द दिला आहे. हिंदीत त्याचा अर्थ निरोप असा होतो. माझ्या बाबतीत शब्द हिंदीतलाच खरा ठरला.

यंदा बरोबर माझा भाचा होता. हा नवी मुंबईत ऐरोलीला एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. त्याची आई म्हणते, "हा कुणाची राखण करतो तेच मला समजत नाही." मलाही समजत नव्हते. अहिल्यानगर, आष्टी, जामखेड करीत एस.टी. बीडला पोचेपर्यंत तो बहुतेक झोपलेलाच होता. रात्रपाळीवाल्यांना बसची झोप चांगली लागते. बीडहून काळीपिवळी जीप मिळाली. जीपमध्ये अकरा माणसे, दोन खताच्या गोण्या आणि एक कोंबडी. कोंबडीसुद्धा कुणाच्या तरी मांडीवर.

कोजागरी होऊन गेली होती. पाऊस बरा झाला होता, त्यामुळे एरवी राखाडी दिसणारे डोंगर अजून हिरवट होते आणि बांधाबांधावर सीताफळाची झाडे लगडली होती. बीडच्या सीताफळाला सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु बांधावरच्या झाडाला त्याचा पत्ता नसावा, कारण जीपवाल्याने गाडी थांबवून आम्हाला चार फळे फुकट दिली.

गडावर वारा फार. विठ्ठलाचे दर्शन घेतले, थोडा वेळ सावलीत टेकलो. आषाढी-कार्तिकीला माणसांचा पूर लोटतो तिथे त्या दुपारी शांतता होती. भगवानबाबा आधी या गडावरच होते. पुढे त्यांनी वेगळे ठाणे उभारले, तोच भगवानगड. अगदी अलीकडे, १२ ऑक्टोबर २०२४ च्या दसऱ्याला, मनोज जरांगे पाटलांचा मेळावा इथे भरला आणि नारायणगडाचे नाव एका दिवसात देशभरच्या दूरचित्रवाणीवर झळकले. एका म्हाताऱ्या वारकऱ्याला मी त्याविषयी विचारले. "लई माणूस आलतं बाप्पा," एवढेच तो म्हणाला आणि टाळांची दोरी नीट करू लागला.

तारीख ऐकून भाच्याने मात्र मान वर केली. "बारा ऑक्टोबर? मामा, ही तारीख आम्ही विसरत नाही."

मग त्याची झोप उडाली आणि माझी शिकवणी सुरू झाली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली होती. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या; लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी मुंबईला उरलेल्या जाळ्यापासून बेटासारखे अलग काढायचे आणि शहरातल्या विजेवर निदान महत्त्वाची कामे चालू ठेवायची, अशी जुनी योजना आहे. त्या दिवशी ते बेट टिकले नाही. देशातल्या डेटा सेंटरांची जवळजवळ निम्मी क्षमता मुंबई आणि नवी मुंबईत आहे. ती सारी क्षणात बॅटरीवर आणि मग डिझेलवर गेली. कुणाचा पैसा बँकेतून नाहीसा झाला नाही, म्हणून आपल्याला काही कळलेही नाही.

"म्हणजे तुमचं काम वीज राखायचं," मी म्हणालो.

"नाही. गारवा राखायचा."

हे मला नवे होते. त्याने सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगतो. सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढी सारी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. चारपाचशे वॅट खाणारे दहा सर्व्हर म्हणजे लहानशा खोलीत अखंड चालू ठेवलेल्या पाच इस्त्र्या. या यंत्रांना आत येणारी हवा साधारण १८ ते २७ अंशांची लागते. वीज गेली तर बॅटऱ्या तत्काळ भार उचलतात आणि काही सेकंदांत जनरेटर सुरू होतो. सर्व्हरला कळतदेखील नाही. पण पाणी गार करणारी मोठी यंत्रे बॅटरीवर नसतात. ती थांबतात, आणि पुन्हा चालू व्हायला त्यांना काही मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात इस्त्र्या चालूच असतात. खोली मिनिटामिनिटाला तापत जाते.

मी गप्प झालो. कारण आता माझ्या ओव्यांचे काय झाले ते मला प्रथमच नीट समजत होते.

मे महिन्याची सुट्टी होती. भर दुपारी त्या संस्थेची वीज गेली. जनरेटर आपोआप सुरू झाला. तिथवर सगळे उत्तम. पण त्या जनरेटरवर फक्त सर्व्हर जोडलेले होते. वातानुकूलन जोडायचे तर जनरेटर मोठा घ्यावा लागला असता, आणि त्याचे पैसे कुठल्याशा पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात होते. बंद खोलीत यंत्रे संध्याकाळपर्यंत पूर्ण जोमाने चालली. पहारेकऱ्याने दाराला हात लावला तेव्हा दार तव्यासारखे होते. एका गटातली एक डिस्क गेली तर बाकीच्या तिचे काम भागवतात. त्या दुपारी दोन गेल्या. आणि सुरक्षित म्हणून काढलेली दुसरी प्रत त्याच कपाटात, एक खण खाली ठेवलेली होती.

"मामा," भाचा म्हणाला, "वीज गेल्यामुळं तुमच्या ओव्या गेल्या नाहीत. वीज राहिल्यामुळं गेल्या."

मी विचारले, मग करायला काय हवे होते? सगळे बंद?

त्याच्या मते ते शेवटचे. त्याआधी बरेच काही करता येते. पहिली गोष्ट म्हणजे यंत्राला हळू चालायला लावायचे. इथे एक गणित आहे आणि ते माझ्यासारख्या गणितात काठावर पास झालेल्यालाही आवडले. यंत्राचा मेंदू जेवढ्या वेगाने चालतो त्या प्रमाणात वीज खातो, हे उघड आहे. पण वेग कमी केला की त्याला लागणारा दाबही कमी करता येतो, आणि दाबाचा परिणाम वर्गात होतो. वेग आणि दाब दोन्ही पाचवा हिस्सा उतरवले, तर काम पाचव्या हिश्शाने घटते. पण त्या मेंदूची कामापुरती वीज ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येते. प्रत्यक्षात दाब इतका सरळ खाली येत नाही, तरीही सौदा फायद्याचाच. शिवाय प्रत्येक सर्व्हरला 'याहून जास्त ओढायची नाही' अशी मर्यादा दुरूनच घालून देता येते.

पण नुसते हळू चालून भागत नाही, कारण सर्व्हर ही मोठी लबाड जात आहे. काही काम नसले, नुसता बसून असला तरी तो भरकामाच्या विजेच्या निम्म्याच्या आसपास वीज खातच असतो. (आमच्या प्राध्यापकवर्गाची आठवण होऊन मी इथे खाली पाहिले.) म्हणून दहा अर्धवट कामांत असलेल्यांचे काम चौघांवर गोळा करायचे आणि सहा विझवायचे, यात खरी बचत. विझवण्याला क्रम असतो. आधी चाचणीची यंत्रे, मग रात्रीचे हिशेब, अहवाल आणि कधीही करता येतील अशी कामे. मग लोकांना दिसणारी पण खोळंबली तर चालतील अशी. सर्वांत शेवटी मूळ नोंदी जिथे असतात ती, आणि यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारे जाळे. पुन्हा उठवताना हाच क्रम उलटा. आणि तेही एकदम सारी नाही, नाहीतर सर्वांनी एकाच क्षणी घोट घेतला की आलेली वीज परत जायची. शिवाय विझवायचे म्हणजे बटण ओढायचे नव्हे. हातातले लिहून होऊ द्यायचे, वही मिटायची, मग दिवा मालवायचा.

"ही यादी संकटात करत बसता येत नाही," तो म्हणाला. "पाच मिनिटं असतात. कोण आधी विझणार हे शांतपणी ठरलेलं असावं लागतं. आणि तिथंच भांडणं होतात. कुठल्याच विभागाला आपलं यंत्र आधी विझावंसं वाटत नाही."

त्याने बाहेरच्या देशांतल्या गोष्टीही सांगितल्या. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच पारा ४० अंशांवर गेला, तेव्हा लंडनमधली गूगल आणि ओरॅकल यांची थंडावा देणारी यंत्रे हरली. गूगलने पुढचे नुकसान टाळायला आपली काही यंत्रे स्वतःहून बंद केली. दुसरी गोष्ट सिडनीची, ३० ऑगस्ट २०२३ ची, आणि ती मला एखाद्या बोधकथेसारखी वाटली. वादळात विजेचा दाब क्षणभर खाली गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या केंद्रातली पाणी गार करणारी यंत्रे थांबली. रात्रपाळीला माणसे थोडी. ती एकेक यंत्र चालू करीत पोचेपर्यंत पाणी इतके तापले की यंत्रे सुरूच होईनात. गार करणारे यंत्र सुरू व्हायला पाणी आधीच थोडे गार हवे! शेवटी दोन दालनांतले सर्व्हर बंद केले. उष्णता थांबली, पाणी निवले आणि मग यंत्रे चालू झाली.

हे ऐकून मला आमची परळी आठवली. वैद्यनाथाचे ज्योतिर्लिंग आणि औष्णिक वीज केंद्र ही परळीची दोन दैवते. २०१३ च्या दुष्काळात, फेब्रुवारी महिन्यात, त्या केंद्राला पाणी पुरेना आणि ते बंद करावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तेच. कोळसा होता, माणसे होती, यंत्रे धडधाकट होती. निववायला पाणी नव्हते. बीड जिल्ह्याला हा धडा ऐरोलीच्या आधी मिळाला होता म्हणायचा.

उन्हे कलली तेव्हा आम्ही वस्तीवर उतरलो. दोन जावांपैकी धाकटी तीन वर्षांपूर्वी गेली. ते मला कळले होते. थोरली होती, ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली, डोळे चांगले. तिने मला ओळखले नाही, पण ओळखल्यासारखे केले.

"बसा सर. चहा घेता ना? लेकरू कुणाचं हे?"

"भाचा आहे, आजी."

"वाळलंय. रातचं जागतंय जणू."

घरात निघण्याची घाई होती. नातू आणि नातसून दिवाळीनंतर उसाच्या फडावर जायचे होते. मुकादमाची उचल घेऊन झाली होती. कोयते धार लावून कोपऱ्यात उभे होते. आजी मागे राहणार आणि पतवंडांना सांभाळणार. भाच्याने ध्वनिमुद्रक मांडला, कानाला यंत्र लावले आणि तोंड वाकडे केले. वर पंखा घरघरत होता, कोपऱ्यात फ्रीज गुरगुरत होता, शेजारच्या खोलीत दूरचित्रवाणीवर कुणी सासू रडत होती. तो बिचारा कसे सांगावे या विचारात असतानाच वीज गेली.

पंचवीस वर्षांपूर्वीचे कुणी असते तर कंदील शोधायला धावले असते. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षे ज्यांनी या भागात काढली, दिवसातले दहा-बारा तास अंधारात, त्यांच्या अंगी मात्र वेगळीच सफाई आली आहे. घरात जुना इन्व्हर्टर होता, त्याने 'टीं' असा सूर धरला. नातसून चुलीपाशी भाकरी थापीत होती. ती जागची उठलीसुद्धा नाही. "टीव्ही घाल," ती पोराला म्हणाली. टीव्ही गेला. "फ्रीजची पिन काढ. मधल्या घरातला दिवा. बाहीरचा राहू दे, बैल हायेत." दर वाक्याला एकेक गोष्ट विझत गेली आणि इन्व्हर्टरचा सूर थांबला. उरला अंगणातला दिवा, चुलीपाशी एक आणि आजीच्या डोक्यावरचा पंखा.

भाचा माझ्याकडे पाहत होता. मी म्हटले, "यादी कुणी केली असेल?"

"मपला बी बंद करा," आजी म्हणाली. "पंख्यात आवाज फाटतो."

पंखा थांबला. इतकी शांतता झाली की भाकरी तव्यावर उलटल्याचे ऐकू आले. जाते आता अंगणात पालथे पडलेले होते; नातवाने ते आत आणून मांडले. आजीने खुंट्याला हात घातला, तोंडाने दोनदा काहीतरी पुटपुटली आणि सुरुवात केली.

आवाज पूर्वीचा नव्हता. पण वळणे होती. पंढरीच्या, गडाच्या, माहेरच्या वाटेच्या, लेकीला दूर दिल्याच्या. पहिल्या ओवीचा अर्धा भाग झाला आणि ती थांबली. मला वाटले, विसरली. भाचा यंत्र बंद करायला पुढे झाला तेव्हा मी त्याचा हात धरला. कारण तिने जाते ओढायचे थांबवले नव्हते. एक फेरा रिकामा गेला, आणि मग तिने पुढचे उचलले. दुसऱ्या ओवीलाही तसेच. जिथे धाकटी जाऊ झेलायची तेवढी जागा ती मोकळी सोडीत होती.

रात्री अकरापर्यंत चौदा ओव्या झाल्या. पूर्वी एकट्या तिच्याच बावीस होत्या. दोन मात्र मी आधी ऐकल्या नव्हत्या. धाकटीच्या वाट्याच्या एकही नाही, मी विचारले तर म्हणाली, "त्या तिच्या हुत्या. म्या कशा म्हणू?" मी पुन्हा विचारले नाही. वीज आली नाही तोपर्यंत काम चालले. वीज आली तशी पोराने टीव्ही लावला आणि सासू जिथे रडत होती तिथून पुढे रडू लागली.

सकाळी निघताना भाच्याने प्रती काढल्या. एक माझ्या पिशवीत, एक त्याच्या, एक नातवाच्या फोनवर. पण नातवाचा फोन घरीच राहणार होता, पोरांसाठी. भाचा जरा घुटमळला, मग नातसुनेला म्हणाला, "वहिनी, तुमच्या फोनवर पण देऊ का? जागा आहे?"

"द्या की," ती म्हणाली. "फडावर रातचं ऐकीन."

आजी खाटेवर बसून हे पाहत होती. सर्वांच्या फोनांत आपला आवाज जातो आहे हे तिला समजले होते, पण इतक्या ठिकाणी कशाला ते समजले नव्हते. तिने भाच्याला जवळ बोलावले, त्याच्या हातात दोन सीताफळे दिली आणि विचारले, "तिकडं मुंबईला वीज जाती का रे?"

"जाते आजी. कधीमधी."

"मग तुमी काय करता?"

तो नातसुनेकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्या करतात तेच."

काळीपिवळी वाटेवर येऊन हॉर्न वाजवू लागली. दिवाळी झाल्यावर नातवाचा फोन आला, की ते सांगलीकडे एका कारखान्याच्या फडावर पोचले आहेत, थंडी फार आहे, आणि फोनवरचे आजीचे गाणे टोळीतल्या दोन बायांनीही मागून घेतले आहे. दिले तर चालेल ना?